तुळजा लेणीतील वर्तुळ आणि विद्युतक्षेत्र

बारावी शास्त्रशाखेची आपली मुले गाऊसच्या नियमाची सूत्रे पाठ करतात आणि प्रश्न थोडा बदलला की अडतात. सूत्र कोठून आले हे कळावे म्हणून आम्ही आपणांस जुन्नरजवळच्या तुळजा लेणीत नेऊ इच्छितो.

तेथील चैत्यगृह वर्तुळाकार आहे. मध्ये स्तूप, भोवती १२ अष्टकोनी खांब. प्रदक्षिणा घालताना दर खांबाला, म्हणजे ३० अंशांनी, दृश्य पुन्हा तेच. हीच सममिती.

आता स्तूपाच्या जागी अतिशय लांब, सरळ, धनप्रभारित तार उभी आहे असे समजा. तिच्याभोवती कितीही अंशांनी फिरा, फरक नाही. म्हणून क्षेत्राचे मान केवळ अंतरावर अवलंबून. दिशा कोणती? वर म्हणावी तर खाली का नाही? डावी म्हणावी तर उजवी का नाही? म्हणून क्षेत्र तारेपासून थेट बाहेरच.

तारेभोवती नळकांडे कल्पा. अंतर दुप्पट केले की त्याचा वक्रपृष्ठभाग दुप्पट होतो, आतील प्रभार तेवढाच राहतो. म्हणून क्षेत्र निम्मे. प्रभारित गोलाबाहेर, केंद्रापासूनचे अंतर दुप्पट केल्यास पृष्ठभाग चौपट. म्हणून क्षेत्र पाव.

तार आखूड असल्यास टोकांजवळ ही सममिती मोडते. नियम खराच राहतो, पण हे सूत्र चालत नाही. चूक नेमकी येथेच होते.

केवळ ऐकले म्हणून मानू नका, पारखून घ्या, ही तथागतांची शिकवण. ती सूत्रांनाही लावावी, एवढेच आमचे सांगणे.

जयभीम!