ठिपकेवाला गरुड पाकट

पाकट म्हटले की वाळूत दडून बसणारा चपटा मासा आठवतो. ठिपकेवाला गरुड पाकट मात्र पंखांसारखे रुंद पर हलवत पाण्यात जणू उडतच जातो. भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर तो आढळतो. त्याची रुंदी दोन मीटरांहून अधिक होऊ शकते. काळसर पाठीवरच्या पांढऱ्या ठिपक्यांवरून तो लगेच ओळखू येतो. बदकाच्या चोचीसारख्या तोंडाने तो वाळू उकरतो आणि सापडलेले शिंपले चपट्या, भक्कम दातांनी फोडून खातो. अटलांटिकमधला आणि आपल्याकडचा पाकट २०१० पासून वेगवेगळ्या प्रजाती मानले जातात.

शेपटीच्या मुळाशी असलेले विषारी काटे हे त्याचे शस्त्र. ते तो हल्ल्यासाठी नव्हे, बचावासाठी वापरतो. हॅमरहेड शार्क मागे लागला तर वेग हीच त्याची ढाल.

पण मित्रांनो, मासेमारीच्या जाळ्यापुढे ना काटा चालतो, ना वेग. बांगडा हजारो अंडी घालतो. या पाकटाची पिल्ले मात्र आईच्या पोटात कित्येक महिने वाढतात आणि एका वेळी जेमतेम एक ते चार जन्मतात. म्हणून जाळ्यात अडकलेली एक जिवंत मादी समुद्रात परत सोडली, तरी पुढच्या कित्येक पिल्लांचा जीव वाचतो.