थंड प्लाझ्मा जंतूंना कसा मारतो?

माझी माय दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली होती. तिथे तिच्या पायाला कोयता लागला. जखम चिघळून पू झाला. मी गुरुजींना विचारले, "दुधातले जंतू उकळल्यावर मरतात, मग जखमेतले का नाही मारता येत?" गुरुजी म्हणाले, "अरे, दूध उकळता येते, पाय कसा उकळणार?" मग त्यांनी थंड प्लाझ्माची माहिती सांगितली. तीच इथे लिहितो.

प्लाझ्मा म्हणजे काय?
बर्फ तापला की पाणी, पाणी तापले की वाफ. वायूला खूप उष्णता किंवा वीज दिली, की त्याच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन नावाचे कण सुटे होतात. हाच प्लाझ्मा, पदार्थाची चौथी अवस्था. रक्तातला प्लाझ्मा वेगळा. आभाळात कडाडणारी वीज हा फार तापलेला प्लाझ्मा. जुन्या ट्यूबलाइटच्या नळीतला मात्र थंड.

तो थंड का राहतो?
इलेक्ट्रॉन जोरात पळतात, पण फारच हलके असतात. ज्वारीचा दाणा जात्यावर फेकला तर जाते हलेल का? तसेच इलेक्ट्रॉनच्या धडकेने हवेचे मोठे कण फारसे तापत नाहीत.

जंतू कसे मरतात?
१) हवेतल्या ऑक्सिजनपासून ओझोनसारखे जहाल पदार्थ बनतात. ते जंतूचे आवरण कुरतडतात.
२) विजेने भारलेले कण आवरणाला भोके पाडायला मदत करतात. आतला रस बाहेर येतो.
३) जहाल पदार्थ आत शिरून जंतूचा डीएनए बिघडवतात. मग एका जंतूचे दोन होत नाहीत.
असा चहूकडून मार बसतो, म्हणून औषधांना दाद न देणारे जंतूही मरतात. आपल्या पेशी थोडा मार सोसतात. म्हणून प्लाझ्मा मोजून, थोडा वेळच देतात.

जर्मनीत २०१३ साली जखमांसाठी पेनासारखे प्लाझ्मा यंत्र मान्य झाले. मुंबईला माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत अन्नपदार्थांवर थंड प्लाझ्माचा अभ्यास झाला आहे.

मायची जखम दवाखान्यात रोज धुवून, पट्टी करून भरली. पण तिचे बरेच दिवस बुडाले. म्हणून मित्रांनो, जखमेवर माती किंवा राख लावू नका. लगेच साबण-पाण्याने धुवा, दवाखान्यात जा, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या.
ते पेनासारखे यंत्र ऊसतोडीच्या कोप्यांपर्यंत यावे, असे मला फार वाटते.

– इयत्ता ४ थी, लिंबागणेश