मातीने जपलेले नगर : सिल्चेस्टर

इतिहास केवळ सनावळ्यांत नसतो. तो मातीतही असतो. इंग्लंडच्या दक्षिणेकडील सिल्चेस्टर हे याचे बोलके उदाहरण होय.

येथे कॅलेव्हा ही अट्रेबाटीस जमातीची राजधानी होती. इ. स. ४३ मध्ये रोमनांनी ब्रिटनवर स्वारी केली. पुढे येथे काटकोनात छेदणारे रस्ते, बाजारचौक व स्नानगृहे झाली. तिसऱ्या शतकात भक्कम दगडी तट उभा राहिला. त्याचा घेर सुमारे अडीच किलोमीटर असून काही ठिकाणी तो आजही चार मीटरांहून उंच आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी रोमन सत्ता संपली व कालांतराने नगर ओस पडले. लंडनप्रमाणे जुन्या वस्तीवर नवे शहर वसले नाही, म्हणूनच नगराचा आराखडा टिकला. कोरड्या उन्हाळ्यात पुरलेल्या रस्त्यांवरील उथळ मातीत ओल टिकत नाही. तेथील गवत आधी पिवळे पडते आणि रस्ते रेषांसारखे उमटतात.

१८९० ते १९०९ या काळातील उत्खननात दगडी पाये सापडले. परंतु लाकडी घरांच्या पुसट खुणा बव्हंशी निसटल्या. १९९७ ते २०१४ मध्ये रेडिंग विद्यापीठाने एका चौकात थरामागून थर उकलून अशा खुणा वाचल्या.

घाईने उकरलेली माती पुन्हा वाचता येत नाही. शिक्षकांनी हा पाठ शिकविताना गावच्या पांढरीचा उल्लेख अवश्य करावा. तेथे खापर दिसल्यास मुलांनी ते न उकरता त्याची जागा वहीत टिपावी.