वाळूतील ठेव

नागपूरहून समुद्र फार दूर. तेथील मुलांना अंबाझरी व फुटाळा हे तलावच परिचयाचे. एखादे कुटुंब अचानक बेत ठरवून कुत्र्यासह कोकणात गेले, तर वाळू दिसताच तो मुका सोबती आनंदाने धावतो, हुंगतो, उकरतो. परंतु रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवाची मादी वाळूत खड्डा करून सुमारे १०० अंडी घालते व समुद्रात परतते. कुत्री व कोल्हे ती उकरून खातात. म्हणून २००२ सालापासून ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था व ग्रामस्थ यांनी ती अंडी कुंपणाच्या आत पुरून जपली. ४५ ते ६० दिवसांनी पिले बाहेर येऊन समुद्राकडे निघतात. उकरणे हा कुत्र्याचा स्वभावच आहे. त्याच्या गळ्यातील दोरी मात्र माणसाच्या हाती असते.