भोक नेमके कुठे पाडायचे?

रहिमतपूर स्टेशनावर मिरजेकडची गाडी धरली की वाटेत किर्लोस्करवाडी लागते. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथल्या ओसाड माळावर कारखाना उभारला. मुलूख तेव्हा औंध संस्थानाचा. तिथे लोखंडी नांगर तयार होत. नांगराचा फाळ झिजला की जुना सोडवायचा आणि नवा बोल्टने बसवायचा. पण नव्या फाळाची भोके जुन्याच जागी हवीत. नाहीतर नांगरट तोंडावर आली तरी नांगर गोठ्यात पडून!

लाकडात भोक चुकले तर खुंटी मारून बुजवता येते. लोखंडात तसं चालत नाही. म्हणून आखणी आधी, ड्रिल मागून.

समजा, एका लोखंडी पट्टीवर पाच भोके हवीत. पहिले कडेपासून 20 मिलिमीटरवर, पुढची चाळीस-चाळीसवर. पुष्कळजण पहिल्या खुणेपासून दुसरी मोजतात, दुसरीपासून तिसरी. दर वेळी अर्धा मिलिमीटर जास्त पडला, तर पाचवे भोक अडीच मिलिमीटर सरकते. 10 चा बोल्ट 11 च्या भोकात घालतात. अडीचची चूक तिथे कशी मावणार? तेव्हा मोजपट्टी एकाच कडेला लावा आणि हलवू नका. 20, 60, 100, 140, 180 अशा खुणा एकदमच करा. मग चूक साचत नाही. मात्र ती कड आधी कानशीने सरळ करून घ्या.

पट्टीचे तेल पुसा. मोरचुदाचे पाणी लावा. द्राक्षबागेच्या फवाऱ्यात घालतात तेच मोरचूद. विषारी आहे, हात धुवा बरं का. लोखंडावर तांबूस थर येतो. त्यावर पोलादी अणीने ओढलेली रेघ चकचकीत उठून दिसते. खडूची रेघ जाड. तिच्यातच एक मिलिमीटर हरवतो! गुण्या कडेला टेकवून प्रत्येक खुणेवर आडवी रेघ ओढा. लांबीच्या दिशेने एक रेघ ओढा. रेघ एकदाच ओढावी. दोनदा ओढली की दोन रेघा दिसतात. त्यांतली खरी कोणती?

रेघा एकमेकींना छेदतात तिथे टोकदार पंच धरून हलका ठोका द्या. वाकून बघा. खूण बरोबर असेल तरच सेंटर पंचाने जोराचा ठोका द्या. गुळगुळीत लोखंडावर ड्रिलचे टोक भटकते. खळगा मिळाला की ते तिथे बसते.

आता कंपासचे टोक खळग्यात ठेवून भोकाएवढे वर्तुळ काढा. वर्तुळाच्या रेघेवर चार बाजूंना बारीक टिंबे ठोका. भोक पाडून झाले की ही टिंबे तपासा. चारही अर्धी-अर्धी उरली, तर भोक जागेवर आहे. एका बाजूचे टिंब पुरे उरले आणि समोरचे नाहीसे झाले, तर भोक त्या समोरच्या बाजूला सरकले.