इंडियाना जोन्स : खजिना कुणाचा?

इंडियाना जोन्स या अमेरिकन प्राध्यापकाच्या साहसांवर १९८१ ते २०२३ या काळात पाच चित्रपट निघाले. पहिले चार स्टीव्हन स्पीलबर्गने दिग्दर्शित केले, पाचवा जेम्स मॅनगोल्डने. नायक पाचही वेळा हॅरिसन फोर्डच आणि संगीतही जॉन विल्यम्सचेच. आमच्या वर्गात या मालिकेचे भक्त आहेत आणि निंदकही. भक्त म्हणतात, असा थरार पुन्हा झाला नाही. निंदक म्हणतात, हा पुरातत्त्वाचा नव्हे, दरोडेखोरीचा गौरव आहे. मी इतिहासाचा विद्यार्थी. दोन्ही पक्षांचे थोडेथोडे पटते म्हणून हा लेख.

प्रथम गुण. जॉर्ज लुकास आणि स्पीलबर्ग यांनी ही कल्पना घेतली ती १९३०-४० च्या दशकांतील अमेरिकन साहसी चित्रमालिकांवरून. त्या मालिकांत प्रत्येक भागाच्या शेवटी नायक मरणाच्या दारात उभा असे. पहिल्या चित्रपटात (‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’, १९८१) धावत्या ट्रकखालून नायक घसटत जातो, ते दृश्य टेरी लिओनार्ड या साहसवीराने खरोखर ट्रकखाली जाऊन दिलेले आहे. धूळ खरी आहे, वजन खरे आहे. संगणकावर रचलेल्या आजच्या मारामाऱ्या मोबाइलवर पाहणाऱ्या आम्हा मुलांनाही हा फरक कळतो.

दुसरा गुण असा की हा नायक हरतो. पुष्कळजण आक्षेप घेतात की पहिल्या चित्रपटात तो नसता तरी शेवट तोच झाला असता. नाझींनी कराराचा कोश उघडला असता आणि ते भस्म झाले असते. हा आक्षेप नीट तपासला तर उलटेच निघते. नाझींजवळ पदकाच्या एकाच बाजूचा ठसा होता, त्यामुळे काठीची लांबी चुकली आणि ते भलत्याच जागी खणत होते. बरोबर जागा शोधली ती जोन्सने, आणि कोश गेला त्यांच्या हाती! विद्वानाची विद्या शत्रूच्याच कामी येते. शेवटी तो फक्त डोळे मिटून घेतो, म्हणून वाचतो. मला तरी हा दोष वाटत नाही. हीच त्या कथेची खोली आहे.

आता दोष, आणि तो आपल्या अंगाला लागणारा. दुसरा चित्रपट (‘टेंपल ऑफ डूम’, १९८४) घडतो १९३५ च्या भारतात. पटकथेवरून सरकारशी जमले नाही, तेव्हा चित्रीकरण श्रीलंकेत झाले. म्हणून त्यातील ‘भारतीय’ गावकरी सिंहली बोलतात. राजवाड्यातल्या मेजवानीत पाहुण्यांसमोर जिवंत सापांनी भरलेला साप, भुंगे, डोळ्यांचे सूप आणि माकडाचा मेंदू येतो. कालीमातेच्या नावाने माणसाचे काळीज उपटले जाते. ठगांचा बंदोबस्त स्लीमनने १८३० च्या दशकात केला, येथे ते शंभर वर्षांनी तळघरात जिवंत आहेत. हे सारे १९३९ च्या ‘गंगा दीन’सारख्या जुन्या इंग्रजी चित्रपटांतून आलेले उसने अज्ञान होय. अमरीश पुरींचा मोलाराम मात्र विसरता येत नाही. १९७१ च्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या मराठी चित्रपटातही काम केलेला हा नट; केवळ आवाजाच्या जोरावर त्याने त्या थिल्लर भूमिकेला वजन दिले.

पण गंमत पाहा. याच बदनाम चित्रपटाचा शेवट मालिकेत सर्वांत न्याय्य आहे! गावाचा पवित्र दगड राजवाड्यातल्यांनी पळवलेला असतो. जोन्स तो सोडवतो आणि गावाला परत देतो. वाटेत त्याला कीर्तीचा मोह होतो, पण संग्रहालयात तो आणखी एक दगड होऊन पडला असता, हे तो शेवटी मान्य करतो. इतर वेळी या गृहस्थाचे पालुपद एकच : वस्तू संग्रहालयात गेली पाहिजे. पेरूतील सोन्याची मूर्ती तो त्याच न्यायाने उचलतो; ती ज्या लोकांची आहे त्यांना विचारीत नाही. १९३५ साली उमजलेली गोष्ट १९३६ साली हरवते, कारण पहिल्या चित्रपटाची कथा दुसऱ्याच्या नंतरची आहे.

हा प्रश्न मला पुस्तकी वाटत नाही. आमच्या गावी मारुतीच्या देवळामागे दोन वीरगळ आहेत. आजी त्यांना शेंदूर लावते. आमच्या अभ्यासाच्या दृष्टीने शेंदराने कोरीव काम बुजते, हे खरे. पण ते उचलून जिल्ह्याच्या गावी नेले तर आजी काय पाहील? दगड वाचेल आणि त्याचे गाव जाईल. जोन्सला जे प्रेक्षक टाळ्या देतात, त्यांनी एकदा त्या गावकऱ्यांच्या बाजूने चित्रपट पाहावा.

पद्धतीविषयीही बोलले पाहिजे. डेक्कन कॉलेजने इनामगावला सुमारे बारा हंगाम उत्खनन केले. घरांच्या जमिनी आणि मडक्यांत पुरलेली मुले यांतून तिथला शेतकरी समाज उभा राहिला. सोने हे तिथले मोल नव्हे. जोन्स मात्र एका रात्रीत हजारो वर्षांची भिंत फोडून बाहेर पडतो. तिसऱ्या चित्रपटात तो वर्गात सांगतो की बहुतेक पुरातत्त्व ग्रंथालयात होते, आणि लगेच ग्रंथालयाचीच फरशी फोडतो!

तरीही तिसरा (‘लास्ट क्रुसेड’, १९८९) मला सर्वांत आवडतो, तो बापलेकांमुळे. ग्रंथांत बुडालेला बाप (शॉन कॉनरी, फोर्डपेक्षा अवघ्या बारा वर्षांनी मोठा) मुलाला आयुष्यभर ‘ज्युनिअर’ म्हणतो. शेवटी येशूचा प्याला हाताच्या टोकावर असताना तो प्रथमच ‘इंडियाना’ म्हणतो आणि सोडून दे म्हणतो. आमच्याकडे वडिलांनी पुस्तक कधी हाती धरले नाही, पण अबोला तोच असतो.

चौथ्याबद्दल (२००८) फार लिहिण्यासारखे नाही. अणुस्फोटातून नायक शीतकपाटात बसून वाचतो, एवढ्यावरून काय ते समजावे. पाचव्यात (२०२३) फोर्ड ऐंशीचा झाला आहे. नायक न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजात शिकवतो, आणि बाहेर १९६९ साली चंद्रावरून परतलेल्यांची मिरवणूक निघालेली असताना वर्गात मुले पेंगत असतात. प्राध्यापकांनी एवढे एक दृश्य तरी जरूर पाहावे.