टार्गा फ्लोरिओ : डोंगरी रस्त्यावरील शर्यत

इटलीच्या सिसिली बेटांत व्हिन्चेन्झो फ्लोरिओ या धनिकानें इ. स. १९०६ मध्यें मोटारींची ‘टार्गा फ्लोरिओ’ ही शर्यत सुरू केली. मादोनिये डोंगरांतील गांवांमधून जाणारा रहदारीचा रस्ता हाच तिचा मार्ग. पुढें रूढ झालेल्या ७२ किलोमीटरांच्या एका फेऱ्यांत शेंकडों वळणें असत.

अशा वाटेवर निव्वळ यंत्रबळ पुरे पडत नसे. १९७० सालीं पोर्शेच्या लहान व हलक्या ९०८/३ मोटारींनीं अधिक सामर्थ्यवान फेरारीस मागें टाकून पहिले दोन क्रमांक मिळविले. मार्गाचें ज्ञान तर त्याहून मोलाचें. पालेर्मो येथील शाळाचालक निनो वाक्कारेल्ला यांना हा रस्ता जणूं मुखोद्गत होता; सहचालकांसह ते १९६५, १९७१ व १९७५ सालीं विजयी झाले.

मात्र रस्त्याच्या अगदीं कडेस लोक दाटीनें उभे राहत. १९७७ मध्यें एक मोटार प्रेक्षकांत घुसून मनुष्यहानि झाली, आणि शर्यतीचें हें रूप संपलें. वळणें अभ्यासानें पाठ होतात. परंतु वळणापलीकडे कोण उभा आहे, हें कोणासहि पाठ करतां येत नाहीं. सार्वजनिक रस्त्यावर वाहन हांकणारानें एवढें ध्यानांत ठेवावें.